तिसरी चूल

आमच्या गल्लीत संक्रांतीला लागणारा तै महिना पंचांगातून कळत नाही, पेंढ्यावरून कळतो. वेण्णार नदीपलीकडच्या शेतांतून पेंढ्याचे गठ्ठे लादलेल्या गाड्या तंजावुरात शिरतात, राजवाड्याच्या वळणावर हेलकावतात आणि मागे काड्या सांडत जातात. त्या काड्या वाऱ्यानं आमच्या दारापर्यंत येतात, पहाटे घातलेल्या कोलमवर, म्हणजे रांगोळीवर, बसतात, स्कूटरच्या चाकात अडकतात. सकाळी केर काढताना पिवळी काडी दिसली की मी समजते, सांबाची कापणी लागली. सांबा म्हणजे आमच्याकडचं लांब मुदतीचं भात. पावसाळ्यात लावलेलं, मार्गळी महिन्याच्या धुक्यात पोसलेलं आणि तैमध्ये घरी येणारं.

शेजारच्या दारातून अण्णा ओरडतो. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. बँकेतून निवृत्त झाला, पण जीभ अजून नोकरीत आहे.

"कां गे, आला कीं तुझा मोसम! कोणाच्या घरीं किती येतें तें विचारायला कोठें निघालीस यंदा?"

"कुठे नाही. गुडघा दुखतोय."

"मग गुडघ्याला विचार, तुझें वरुमानम किती म्हणून!"

वरुमानम म्हणजे उत्पन्न. आमच्या घरच्या मराठीत असे तमिळ शब्द पोटभर आहेत, आणि जुनी मराठी रूपंही तशीच राहून गेली आहेत. पुण्याकडचे पाहुणे आले की ती ऐकून खुदुखुदु हसतात. हसोत बापडे. मी लिहिते ही मराठी मोठेपणी वाचून वाचून कमावलेली आहे. अण्णाला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल इथे काहीही लिहायला मी मोकळी आहे.

यंदा मात्र माझं ते 'कुठे नाही' खरं नव्हतं. आदल्याच दिवशी मलरचा फोन आला होता. मलर माझी विद्यार्थिनी. मी ज्या कॉलेजात शिकवत होते तिथेच आता ती शिकवते आणि माझं जुनं काम पुढे चालवते. ती म्हणाली, "टीचर, यंदा गावात फेरी आहे. तैयलनायकी अम्मा गेल्या, कार्तिकात. त्या घरी एकटीनं जायला मला जमणार नाही. याल का?" मी हो म्हटलं.

मी संख्याशास्त्र शिकवलं. आमच्या विभागाचं एक जुनं काम होतं. वेण्णारच्या काठच्या एका गावात दर काही वर्षांनी जायचं, त्याच वस्तीतल्या प्रत्येक घराचं वर्षाचं उत्पन्न विचारायचं, आणि गावाचं मधलं उत्पन्न मागच्या खेपेपेक्षा वर गेलं की खाली, ते ठरवायचं. मधलं म्हणते मी, सरासरी नव्हे. पुस्तकात त्याला मध्यक म्हणतात. सगळी घरं कमी उत्पन्नापासून जास्तीपर्यंत एका ओळीत उभी करायची आणि ओळीच्या बरोबर मध्ये जे घर येईल त्याच्या दारात जाऊन थांबायचं. त्या घराचं जे उत्पन्न, ते गावाचं.

वर्गात मी मुलींना उंचीप्रमाणे भिंतीशी उभं करायची. मधल्या मुलीचा हात धरून तिला पुढे ओढायची, "ही बघा तुमची मध्यक." मग सर्वांत उंच मुलीला स्टुलावर चढवायची. मधली बदलली का? नाही. म्हणून गावातल्या भातगिरणीच्या मालकानं कितीही कमावलं तरी मध्यक ढिम्म हलत नाही. सरासरी मात्र लगेच फुगते आणि गिरणीवाल्याच्या जिवावर सगळ्या गावाला श्रीमंत करून टाकते. त्यानंतर सर्वांत ठेंगण्या मुलीला म्हणायची, "तू जा बाहेर." ती गेली की मधली जागा जराशी उंच बाजूला सरकायची. कोणाची उंची तिळभरही वाढलेली नसायची, तरी मध्यक वर गेलेली असायची. मुली खिदळायच्या, बाहेर गेलेली मुलगी दारातून डोकावून बघायची. त्या खेळात रडण्यासारखं काही असेल असं तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्या गावाचा पहिला आठवतो तो वास. सालासकट उकडलेल्या भाताचा, ओलसर, गरम. कढया अंगणात चढलेल्या असायच्या आणि वाफ कौलांपर्यंत जायची. गावात शिरणाऱ्या डांबरी रस्त्याचा अर्धा भाग भातानं झाकलेला असायचा. बस उरलेल्या अर्ध्यावरून जपून जायची, आणि बायका त्या भातातून पाय ओढत चालायच्या, म्हणजे खालचं भात वर येतं आणि ऊन सगळ्याला लागतं. त्यांच्या पावलांच्या रेघा त्या पसरलेल्या सोन्यावर उमटत राहायच्या. रेघांच्या कडेला उभं राहून आम्ही विचारायचो, "अक्का, यंदा किती झालं?" आणि त्या पाय न थांबवता म्हणायच्या, "झालं, झालं, देवाच्या दयेनं झालं."

उत्पन्न विचारणं सोपं नाही हो. वय विचारलं तर बाई हसून टाळते, उत्पन्न विचारलं तर घरातलं हसूच जातं. आणि उत्पन्न विचारलं की माणूस खर्च सांगतो. खताला एवढे गेले, मुलीच्या कॉलेजला एवढे गेले, सासऱ्याच्या डोळ्याला एवढे गेले. मी मान डोलवत ऐकायची आणि त्या खर्चाच्या मागून येणं शोधत जायची. घरात खाल्लेलं भातही धरायचं, अंगणातला नारळ धरायचा, गाईला घातलेला पेंढासुद्धा. सिंगापूरला गेलेला मुलगा धाडतो ते धरायचं, पण तो किती धाडतो ते आईला माहीत असतं आणि बायकोला नसतं, किंवा उलट. दोघीही ओट्यावरच बसलेल्या. मग मी पाणी मागायची. एक जण पाणी आणायला आत गेली की दुसरी हळूच आकडा सांगायची.

काळ बदलत गेला तसं विचारणंही बदललं. बैल गेले, कापणीची यंत्रं आली, एका दिवसात शिवारच्या शिवार मोकळं व्हायला लागलं. मजुरीची दुसरी कामं आली, तिरुप्पूरच्या कापडाच्या कारखान्यांतून मुली पैसे धाडायला लागल्या. रेशनचा तांदूळ फुकट झाला, बायकांना बस फुकट झाली, बायकांच्या खात्यात दर महिन्याला पैसे यायला लागले. बसचं वाचलेलं तिकीट उत्पन्नात धरायचं का? यावर आम्ही विभागात दुपारभर भांडलो आहोत. गावातल्या एका बाईनं मला सांगितलं, "टीचर, बस फुकट झाली म्हणून मी आईकडे जायला लागले. त्याचं काय लिहिणार?" काय लिहिणार, कपाळ! मी ते कुठेच लिहिलं नाही, पण विसरलेही नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न असतो आणि तो सर्वांत आधी विचारावा लागतो. घर म्हणजे काय? भिंती मोजायच्या का? सरकारी लेखी घर म्हणजे रेशनकार्ड. पण एका पंगतीत जेवणारी माणसं तांदळासाठी दोन कार्डं करतात, आणि एका कार्डावरची माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. म्हणून आमच्या कामात व्याख्या जुनी आणि साधी होती. एका चुलीवर शिजलेलं जेवतात ते एक घर. पुढे गॅस आला तरी आम्ही चूलच म्हणत राहिलो. आणि माणूस एकाच घरात धरायचा. दोन घरांत एक माणूस लिहिला तर सगळा हिशेब बिघडतो.

या नियमानं आमच्या गल्लीतही मी आणि अण्णा दोन घरं. मध्ये एकच भिंत. त्याची फोडणी माझ्या नाकात येते, माझा कुकर त्याच्या कानात. त्याच्याकडे आमटी जास्त झाली की वाटी भिंतीवरून माझ्याकडे येते, पण म्हणून आम्ही एक होत नाही. मी एकटी जेवते. एका माणसाचं घर, असं माझंही एक घर आहे.

तैयलनायकी अम्माच्या घरात मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे चूल एक होती. लांबोडं कौलारू घर, पुढे सबंध लांबीचा ओटा, मागे नारळ. नवरा लवकर गेला होता. थोरला राजेंद्रन शेती बघायचा, धाकटा सेल्वम मालाची छोटी गाडी चालवायचा. दोघांची लग्नं झालेली. अम्मा सुपात तांदूळ घोळत बसायची, आणि माझे प्रश्न संपले की तिचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "हं, टीचर, सांग. आमचं गाव वर की खाली?" ती तमिळच बोलायची, मी तिला मराठीत उतरवते आहे, पण तिचा तो 'सांग' मला कुठल्याच भाषेत नीट उतरवता येत नाही. धाकट्या बहिणीला दरडावून विचारावं तसा तो असायचा. मी म्हणायची, "अजून हिशेब व्हायचाय." ती म्हणायची, "तुझा हिशेब होईतो पुढचं पीक येतं."

मग एका वर्षी पोंगलला, म्हणजे आमच्याकडच्या संक्रांतीला, फेरी झाली. विभागाला नवे प्रमुख आले होते, चेन्नईकडचे, हुशार, उत्साही. ते म्हणाले, पोंगलच्या सुट्टीत जाऊ. मुली मोकळ्या असतात, आणि गावात तिरुप्पूरचे, सिंगापूरचे सगळे घरी आलेले असतात, विचारायला बरं. मी म्हटलं, "सर, सणाच्या आठवड्यात नको." का नको, ते मलाही धड सांगता येईना, आणि माझं बोलणं तिथेच राहिलं.

काय दिसलं होतं गाव त्या दिवशी! दारोदार उसाची कांडी बांधलेली, हळदीची ओली रोपं मडक्याच्या गळ्यात, अंगणात तीन विटांची चूल, तिच्यावर नव्या तांदळाचं दूध उतू जातंय आणि पोरं "पोंगलो पोंगल!" म्हणून ओरडताहेत. आमच्या मुली घरोघर गेल्या आणि शिकवल्याप्रमाणे त्यांनी विचारलं, "चूल एकच ना?" लोक अंगणातल्या मडक्याकडे बोट दाखवून हसले, "बघा ना, एकच!" मुलींनी एक लिहिलं. प्रत्येकीच्या हातात द्रोण भरून गोड पोंगल, म्हणजे गूळभात, पडला आणि सगळ्या तूप लागलेल्या हातांनी परत आल्या.

हिशेब झाला आणि मध्यक उडी मारून वर गेली. प्रमुख खूश झाले. गाव सुधारलं, म्हणाले. मी कागद पुन्हा बघत बसले आणि मला दिसलं की वस्तीतली माणसं कमी झाली नव्हती, घरं मात्र कमी झाली होती. अय्यो! वर्षभर भांडणारे भाऊ, बोलणं टाकलेल्या जावा, सगळे पोंगलच्या दिवशी एका मडक्याभोवती उभे राहतात. आमच्याकडची रीतच आहे ती. त्या दिवशी विचारलं तर सगळं गाव एका चुलीचं असतं. दोन दोन, तीन तीन घरांची उत्पन्नं आम्ही एकत्र मिळवली होती आणि त्याला सुधारणा म्हणत होतो. प्रमुख भला माणूस, डोक्याला हात लावून बसले. मग तैनंतरच्या मासी महिन्यात, सण सरल्यावर, आम्ही पुन्हा दारोदार गेलो.

पुन्हा विचारायचं म्हणजे काय, ते मला तैयलनायकी अम्माच्या ओट्यावर कळलं. भाऊ ऐप्पसीपासून, म्हणजे दिवाळीच्या महिन्यापासून, वेगळे झाले होते. रस्त्यालगतचा जमिनीचा तुकडा धाकट्याला विकायचा होता, थोरल्याला नव्हता, आणि बोलता बोलता बायकांची माहेरं निघाली. घराच्या या टोकाला एक चूल, त्या टोकाला दुसरी. मधल्या खोलीचं दार लावलेलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. पोंगलच्या दिवशी अम्मानं दोघांना अंगणात आणून एक मडकं चढवलं होतं आणि आमच्या मुलीला तिनं स्वतःच सांगितलं होतं, "एक चूल, पोरी. एकच."

मी विचारलं तेव्हा राजेंद्रन म्हणाला, "दोन." अम्मानं सूप खाली ठेवलं.

"आणि अम्मा?" मी विचारलं. "अम्मा कोणाच्या चुलीवर जेवतात?"

राजेंद्रन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. सेल्वम गाडीची किल्ली बोटात फिरवत राहिला. आत भांड्यांचा आवाज येत होता तोही थांबला. अम्मा कोणाला नको होती असं नव्हतं हो. दोघंही आईला भुकेली ठेवणारे नव्हते, दोन्हीकडून ताट यायचं. पण 'आमच्याकडे' असं एक जण म्हणाला असता तर दुसऱ्याला ते लागलं असतं, आणि कोणीच म्हणेना तर तिला लागत होतं.

"दोन्हीकडे लिही," अम्मा म्हणाली.

"दोन्हीकडे नाही लिहिता येत, अम्मा. माणूस एकाच घरात धरतात."

"असं कोण म्हणतं?"

"नियम आहे."

ती माझ्याकडे रोखून बघत राहिली. विचारणं माझं काम होतं आणि प्रश्न बरोबर होता, पण तो तिथे, तिच्या दोन मुलांसमोर विचारावा लागावा याचं मला फार वाईट वाटलं.

"मग मला वेगळी लिही," ती म्हणाली. "माझं घर निराळं. तिसरं."

सेल्वम म्हणाला, "अम्मा, काहीतरीच काय!" राजेंद्रनही काहीतरी बोलला. तिनं दोघांनाही हातानं गप्प केलं आणि मला म्हणाली, "लिहिलंस का?" तिनं सांगितलं म्हणून नुसतं लिहिता येत नाही, ते खरं असावं लागतं, असं मी चाचरत म्हटलं. ती उठली, मागच्या पडवीत गेली, पोंगलच्या विटा कोपऱ्यात रचलेल्या होत्या त्या तिनं मांडल्या, नारळाच्या झावळ्या मोडून खाली घातल्या आणि माझ्यादेखत चूल पेटवली. ओल्या झावळीचा धूर घरभर झाला. त्या धुरात सगळ्यांचेच डोळे चुरचुरले, त्यामुळे कोण रडत होतं ते कळलं नाही. मी लिहिलं. म्हातारपणाचं पेन्शन, मागचे नारळ, दोन्ही मुलांकडून येणारं भात. ओळीत ते घर अगदी खालच्या टोकाला गेलं, सर्वांत खालचं.

घरी येऊन मी अण्णाला हे सांगितलं. त्यानं थट्टा केली नाही. म्हणाला, "त्या बाईला दोन्ही पोरें पाहिजेत, गे. एकाला धरलें कीं दुसरें सुटतें." त्या दिवशी त्यानं भिंतीवरून आमटीची वाटी दिली ती मी जेवायला बसायच्या आधी, आणि मी जेवेपर्यंत तो भिंतीपलीकडे उभा होता.

पुढच्या फेरीला मी गेले तेव्हा वाटलं होतं, चूल विझली असेल. कुठली! पडवी शेणानं सारवलेली, चुलीला लाल मातीचा हात दिलेला, आणि सकाळच्या वेळी तिच्यासमोर राजेंद्रन आणि सेल्वम दोघंही उकिडवे बसलेले. अम्मा कॉफी गाळत होती. आधी थोरल्याला, मग धाकट्याला, हा तिचा क्रम. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, दोघंही तिच्याशी बोलत होते. पाणी सोडलं का, गाडीचं काम झालं का. एकाचं उत्तर दुसरा ऐकत होता. तेवढंच. राजेंद्रन सेल्वमच्या भागात पाऊल टाकायचा नाही आणि सेल्वम त्याच्या. पण अम्माची पडवी दोघांपैकी कोणाचीच नव्हती. ती तिसरी होती, म्हणून तिथे दोघांनाही येता येत होतं.

ते उठून गेल्यावर मी म्हटलं, "अम्मा, आता एकाकडे जेवत जा की. किती दिवस या धुरात बसणार?"

"आणि मग ही दोघं कुठे बसतील?" ती म्हणाली. "जोवर ही चूल आहे तोवर रोज एकदा एकमेकांचं तोंड बघतात. पुढचं कोणी बघितलंय." मग तिनं फुंकणी खाली ठेवली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "हं, सांग. गाव वर की खाली? आणि माझं घर मोजलंस ना?"

"मोजलं, अम्मा. गिरणीवाल्याचं एक, तसं तुमचं एक."

हे ऐकून तिला जो आनंद झाला! तिनं ते मला पुन्हा म्हणायला लावलं, सुनेला हाक मारून ऐकवलं. मला बाई त्या दिवसापासून मध्यक जास्तच आवडायला लागली. सरासरीत तिचं असणं नसण्यासारखं झालं असतं. ओळीत मात्र तिची एक पुरी जागा होती, आणि ती जागा तिनं स्वतः चूल पेटवून मिळवली होती. मी निवृत्त झाले तरी मलरकडून निरोप यायचा, अम्मा विचारतात, टीचर बऱ्या आहेत का, आणि माझं घर मोजताय ना.

तर यंदा पोंगल सरल्यावर आम्ही गेलो. आता सणाच्या आठवड्यात कोणी जात नाही. बसमध्ये खिडकीशी बसले. दोन्ही बाजूंना कापलेल्या शेतांचे बुडखे, त्यांत बगळे, कालव्याच्या कडेला पोत्यांची रास आणि तिच्यावर निळी ताडपत्री. मला भीती वाटत होती. ती गेली याचं दुःख होतंच, पण भीती निराळी होती. पडवीतली चूल मोडून तिथे आता मोटारसायकल उभी असेल, आणि मधलं दार तसंच बंद असेल, असं मला सारखं दिसत होतं. तिनं इतकी वर्षं धूर खाल्ला तो तिच्याबरोबर संपला असेल, तर मी त्या ओट्यावर बसून काय विचारणार होते?

त्या दारात यंदा उसाची कांडी नव्हती, मोठं कोलम नव्हतं. घरात कोणी गेलं की त्या वर्षी पोंगल करत नाहीत. अंगणात मडकं चढलं नाही, म्हणजे भावांना एका ठिकाणी उभं करणारा तो दिवसही यंदा आला नव्हता. राजेंद्रननं सतरंजी घातली. त्याचे केस पांढरे झाले होते. सेल्वम आतून आला आणि खांबाला टेकून बसला. मलरच्या हातात आता कागद नसतो, टॅब्लेट असतो. तिनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली.

"राजेंद्रन अण्णा, घरात चुली किती?" मलरनं विचारलं.

"दोन," राजेंद्रन म्हणाला.

"आणि पडवीतली?" मी विचारलं.

सेल्वम म्हणाला, "तिथे फक्त सकाळची कॉफी होते." मग म्हणाला, "सवय आहे."

मी वाकून बघितलं. पडवी सारवलेली होती. चुलीत निखारे होते, वर भांडं होतं, आणि समोर दोन पाट मांडलेले. तिच्या जागेवर कोणी पाट ठेवला नव्हता, ती जागा तशीच होती.

"टीचर," मलर हलक्या आवाजात म्हणाली, "कॉफी धरता येत नाही ना?"

नाही धरता येत. जेवण शिजलं पाहिजे आणि जेवणारं माणूस राहत असलं पाहिजे. आयुष्यभर मी हेच शिकवलं. त्या घटकेला मला तो नियम उचलून वेण्णारमध्ये फेकून द्यावासा वाटला. पण तिथे कोणी राहत नव्हतं, हे खरंच होतं. मी म्हटलं, "नाही." मलरनं तिसरं घर बंद झाल्याची खूण केली. तिनं बोट काचेवरून उचललं तेव्हा तिचे डोळे भरले होते.

राजेंद्रन ते बघत होता. म्हणाला, "टीचर, अम्मा विचारायची ते आता मी विचारतो. गाव वर की खाली?"

"सगळा हिशेब अजून व्हायचाय," मी म्हटलं. पण तो वाट बघत राहिला, आणि त्याच्या आईला मी जन्मभर हेच उत्तर दिलं होतं. म्हणून या खेपेला सांगितलं. "या एका घरापुरतं सांगते. ओळीतलं सर्वांत खालचं घर गेलं. त्यामुळे मधली जागा जराशी वर सरकेल."

"कोणाचं काही वाढलं नसलं तरी?"

"नसलं तरी."

तो पडवीकडे बघत राहिला. "म्हणजे आमची अम्मा गेली म्हणून गाव वर गेलं."

मलर मान खाली घालून बसली.

"खाली होतं तेच बरं होतं, टीचर," तो म्हणाला.

सेल्वम उठला. पडवीत जाऊन त्यानं भांडं उतरवलं, कॉफी गाळली आणि टंबलर घेऊन बाहेर आला. आम्ही पाहुण्या होतो, वयानं मोठी मी होते. पण त्यानं पहिला टंबलर भावाच्या हातात दिला.